झाडावर बसायचं तर आधी दोर आणि गाठीची जोडी जमवा

बुद्धपौर्णिमेच्या आसपास यावल, पाल, अनेर धरण या पट्ट्यातल्या पाणवठ्यांवर मचाणावर बसून रात्र काढायची हौस असलेले आपल्याकडे पुष्कळ आहेत. मचाण म्हणजे बांबू, दोर, तीन-चार माणसं आणि अर्धा दिवस. त्याला पर्याय म्हणून ‘ट्री सॅडल’बद्दल बरीच विचारणा होते. कमरेखाली घालायची रुंद पट्ट्यांची झोळी, पुढे एक छोटा दोर, आणि तो झाडाला बांधलेल्या दोरात अडकवून तुम्ही खोडाकडे तोंड करून बसता. हे सामान घडलं अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या हातात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे, त्यामुळे इथे त्याचा उपयोग कॅमेरा, दुर्बीण आणि वही घेऊन बसण्यासाठी. अभयारण्यात बसायचं तर वनखात्याची परवानगी हवीच. स्वतःच्या बांधावरच्या झाडावर सराव करायला मात्र कोणाला विचारावं लागत नाही, आणि सुरुवात तिथूनच व्हावी.

बहुतेक जण आधी सॅडल शोधतात, मग पाय ठेवायचा प्लॅटफॉर्म, आणि दोर सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशात. हा क्रम उलटा करा. जीव सॅडलवर नसतो, तो मुख्य दोर आणि त्यावर मारलेली घर्षणाची गाठ (बारीक दोरीचे वेढे, जे भार आला की धरतात आणि भार काढला की सरकवता येतात) या जोडीवर असतो. ही जोडी जमली तर साध्या हार्नेसवरही, म्हणजे कमर-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांवरही, काम भागतं. ती जमली नाही तर सगळ्यात महागडं सॅडलही खाली येतं.

बाजारात शेतीसामानाच्या दुकानात मिळणारा दोर माणसासाठी नाही, हे आधी स्पष्ट करतो. सोल, कासरा, दावं, विहिरीचा नाडा हे सगळं आपापल्या कामाला उत्तम. पण तो रंगीत चकचकीत प्लास्टिकचा दोर पॉलिप्रॉपिलीनचा असतो. उन्हात तो कडक होतो, वरची तुसं हाताला टोचायला लागतात, आणि साधारण 160 ते 165 अंशांना वितळतो. गाठ घसरली की घर्षणानं तिथपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत, त्यामुळे गाठ भार असताना धरते आणि भार सुटला की हळूहळू सैल होते. तीन पिळांचा नायलॉनचा सोल जास्त मजबूत, पण त्यावर लटकलं की पीळ उलगडतो आणि माणूस गोल फिरतो. शिवाय त्याची तुटण्याची ताकद कोणी तपासलेली असेल, याची काही खात्री नसते.

घ्यायचा तो ‘कर्नमँटल’ दोर: आत भार घेणारा गाभा, बाहेर विणलेलं कवच. त्यातही सेमी-स्टॅटिक, म्हणजे कमी ताणणारा. वेष्टनावर ईएन (युरोपीय मानक) 1891, टाइप ए असं छापलेलं असावं. या मानकात नुसत्या दोराची ताकद निदान 22 किलोन्यूटन लागते, आणि टोकाला गाठ मारल्यावर 15 किलोन्यूटनचा भार तीन मिनिटं धरावा लागतो. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानानं 102 किलो, म्हणजे 22 किलोन्यूटन झाले साधारण सव्वादोन टन. 80 किलोच्या माणसासाठी हे फार वाटेल, पण गाठीनं ताकद वीस ते चाळीस टक्के घटते, नायलॉन ओला झाला की आणखी दहा-पंधरा टक्के जाते, आणि झटका बसला तर भार कित्येक पट वाढतो. ती बेरीज मनात करून बघा.

गिर्यारोहणाच्या मित्राकडे डायनॅमिक, म्हणजे जास्त ताणणारा दोर असतो आणि तो उसना मिळतो. पडल्यावर झटका शोषायला तो छान आहे, पण चढायला आणि बसायला वाईट. 80 किलोला तो दहा टक्क्यांपर्यंत लांबू शकतो, म्हणजे सहा मीटरवर जवळजवळ दोन फूट. पाय उचलला की खाली, ओढला की पुन्हा खाली, आणि तेवढ्या वेळात दोर फांदीवर करवतीसारखा घासतो. सेमी-स्टॅटिकमध्ये 50 वरून 150 किलोपर्यंत भार वाढवला तरी ताण पाच टक्क्यांच्या आत राहतो.

जाडी किती? अमेरिकेतले बरेच जण 8 मिलिमीटरचा दोर वापरतात, कारण सगळं सामान पाठीवर घेऊन मैलोन्मैल चालायचं असतं. आपल्याकडे गाडी पाणवठ्याच्या बऱ्यापैकी जवळ जाते आणि धूळ मात्र अफाट. बारीक दोराला धूळ लवकर खाते, तो हातात धरवत नाही, उतरताना भरभर सुटतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: 11 मिलिमीटर घ्या, फार तर 10. पहिल्या जोडीला त्याखाली जाऊ नका. धागा नायलॉन की पॉलिएस्टर? पॉलिएस्टर उन्हाला आणि पाण्याला जास्त टिकतो, कमी ताणतो. नायलॉन थोडा झटका शोषतो. जळगाव-भुसावळचा एप्रिल-मे पाहता कवच पॉलिएस्टर आणि गाभा नायलॉन असा दोर मिळाला तर तोच उचला.

डायनीमा (खास मजबूत पॉलिथिलीनचा धागा) प्रकारच्या दोराचं कौतुक बरंच ऐकाल. वजनाला हलका, ताकद जबरदस्त. पण तो साधारण 145 ते 150 अंशांना वितळतो, इतका निसरडा असतो की साध्या गाठी त्यातून सरकतात, आणि ताणत जवळजवळ नाहीच. सॅडलच्या पुढच्या छोट्या दोरासाठी, कारखान्यातून गुंफून आलेला असेल तर तो चालतो. घर्षणाची गाठ त्याची किंवा त्यावर मारायची नाही.

आता जोडीतला दुसरा. घर्षणाच्या गाठीची दोरी मुख्य दोराच्या साधारण 60 ते 80 टक्के जाडीची हवी. 11 च्या दोरावर 7 किंवा 8 मिलिमीटर, 10 च्या दोरावर 6 किंवा 7. ईएन 564 मानकाच्या 6 मिलिमीटर दोरीची निदान ताकद 7.2 किलोन्यूटन, 7 ची 9.8, आणि 8 ची 12.8. बुटाच्या नाड्यांसारखी चमकदार दोरी ‘पॅराकॉर्ड’ म्हणून मिळते, ती यात बसत नाही.

सुरुवातीला एकच गाठ शिका, प्रुसिक. दीड मीटर दोरी घ्या, दोन टोकं दुहेरी फिशरमन गाठीनं जोडा, बाहेर उरलेलं शेपूट निदान आठ सेंटिमीटर ठेवा. हा फेरा मुख्य दोराभोवती स्वतःच्याच पोटातून तीनदा काढायचा. वेढे एकमेकांना चिकटून, समांतर, एकावर एक न चढता बसले पाहिजेत. फिशरमनची गाठ वेढ्यांवर येऊ देऊ नका, बाजूला ठेवा. मग जमिनीपासून फूटभर उंचीवर बसा, पूर्ण वजन टाका, दोन-तीन हिसके द्या. गाठ सरकली तर चौथा वेढा द्या किंवा दोरी बारीक घ्या. इतकी आवळली की वजन काढूनही सुटत नाही, तर वेढा कमी करा किंवा दोरी जाड घ्या. कोरी करकरीत दोरी पहिल्या काही वेळा धरत नाही. हाताने चुरून, वाकवून ती मऊ करावी लागते. नुसत्या मापावर जोडी जमत नाही, प्रत्येक नवा दोर आला की हा सगळा प्रयोग पुन्हा.

इथे एक गोष्ट नीट पाहून ठेवा. भार असताना प्रुसिक बघितली तर वेढे आवळलेले दिसतात आणि मुख्य दोर गाठीत किंचित वाकलेला असतो. त्या आवळण्यात आणि वाकण्यातच पकड आहे. घाबरलेला माणूस पडताना नेमकी तीच गाठ मुठीत पकडतो. मुठीनं वेढे सरळ राहतात, दोर वाकत नाही, गाठ धरत नाही, आणि तो गाठीसकट खाली सरकतो. नायलॉन तापून वेढ्यांच्या आतल्या बाजूला काच लावल्यासारखा चकाकता, कडक पट्टा पडतो. असा पट्टा दिसलेली दोरी पुन्हा वापरायची नाही. म्हणून गाठ सरकवायची ती एका हाताच्या बोटांनी, दुसरा हात झाडावर ठेवून, आणि वजन पायावर असताना.

दातांची यांत्रिक पकड, म्हणजे ॲसेंडर, चढायला सोपी जाते. तिच्यावर कोणत्या जाडीचा दोर चालेल ते कोरलेलं असतं, ते वाचा. मोठा झटका बसला, साधारण 4 ते 6 किलोन्यूटनच्या आसपास, की तिचे दात दोराचं कवच फाडतात. म्हणून ती चढण्यासाठी वापरा, तिच्या भरवशावर ढिला दोर ठेवून बसू नका.

लांबीचा हिशोब सुतानं होतो. झाडाला बांधायच्या दोराला, म्हणजे टेथरला, झाडाचा घेर अधिक टोकाच्या फासाची आठाची गाठ (इंग्रजी 8 च्या आकाराची) खाते ते 60 ते 70 सेंटिमीटर, अधिक प्रुसिक सरकवायला 70, अधिक शेवटच्या अडवणाऱ्या गाठीला 20. दीड मीटर घेराच्या मोहाला हे तीन मीटरच्या वर जातं, तेव्हा साडेतीन घ्या. चढताना खोडाभोवती टाकायच्या दोराला, ज्याला लाइनमन दोर म्हणतात, चार मीटर. शेवटची अडवणारी गाठ दोन्हींवर हवीच. ती नसेल तर प्रुसिक टोकावरून निघून जाते, अंधारात ते दिसतही नाही. वीस मीटरचा एक वेगळा तुकडा चढ-उतरासाठी ठेवा.

सॅडल मिळालं नाही तर झाड छाटणाऱ्यांचा किंवा दोरकामाचा बसायचा हार्नेस बघा. त्यावर ईएन 813 आणि ईएन 358 हे दोन्ही आकडे असावेत, म्हणजे पुढे बसायची कडी आणि कमरेच्या दोन बाजूंना कड्या. बांधकामावरचा आयएस (भारतीय मानक) 3521 चा पूर्ण अंगाचा बेल्ट पडणाऱ्याला अडवायला चांगला, पण त्याची कडी पाठीवर असते. त्यात बसायला गेलं की माणूस पुढे झुकून लोंबकळतो. बसायला तो कामाचा नाही. पट्टा कमरेच्या हाडाच्या वर घट्ट, मांड्यांचे पट्टे तळहात सपाट जाईल इतके सैल.

कड्यांचं थोडक्यात: लॉक होणारी कॅराबिनर, मोठ्या अक्षावर निदान 20 किलोन्यूटन कोरलेलं. तीच कडी आडवी ताणली किंवा तोंड उघडं राहिलं तर फक्त 7 धरते, म्हणून ती कशी बसली आहे ते प्रत्येक वेळी डोळ्यांनी बघा. स्क्रूची असेल तर स्क्रू खाली येईल अशी लावा, हादऱ्यानं उघडत नाही. किल्ल्यांना लावायच्या रंगीत कड्या सामानात ठेवूच नका, अंधारात हात चुकतो.

झाड निवडण्यावर जास्त बोलायला हवं, कारण सॅडलची सगळी रीत सरळ, एकखांबी झाडांसाठी बनली आहे आणि आपली झाडं खालीच फाटतात. चिंच, अंजन, ऐन, धावडा यांचं लाकूड भरवशाचं. साग सरळ, पण उन्हाळ्यात पानं गळालेली असतात, तुम्ही उघड्यावर बसता. मोह आणि आंबा चांगले, फक्त जुन्या झाडात पोकळी असते: काठीनं ठोकून बघा, भरीव आणि पोकळ आवाज कानाला लगेच कळतो. शेवगा, पांगारा, काटेसावर, सालई यांच्यावर चढू नका. सालईची साल कागदासारखी सुटते आणि दोर सालीसकट घसरतो. जांभळाची फांदी हिरवी असतानाही कट्कन मोडते. वड-उंबराचा चीक दोराला लागला की त्यावर धूळ बसते आणि प्रुसिक तिथे अडकते. जुन्या चिंचेचा घेर चार मीटर असेल तर टेथर खोडाला पुरणार नाही. तेव्हा मुख्य फांदीला बांधा, जिवंत, निदान 15 सेंटिमीटर जाड, आणि बेचक्याच्या जवळ.

ढोल्या दिसल्या तर आणखी एक पाहा. शहाद्याजवळच्या जंगलात 1997 मध्ये वन पिंगळा (एक छोटं घुबड) पुन्हा सापडला, शंभराहून जास्त वर्षं त्याची खात्रीची नोंद नव्हती. तो झाडाच्या ढोलीत घरटं करतो, साधारण ऑक्टोबर ते मे. सातपुड्याच्या या पट्ट्यात ढोलीच्या झाडावर दोर टाकू नका, शेजारचं झाड घ्या. आग्या मोहोळ तर शंभर पावलांवरूनच शोधा. वर टांगलेले असताना माश्या उठल्या तर पळायला वाट नसते.

चढण्याच्या दोन रीती. पहिली, लाइनमन दोर खोडाभोवती टाकून, पट्ट्यानं बांधायच्या पायऱ्यांवरून. झाडात खिळे ठोकायचे नाहीत. मधे फांदी आली की आधी टेथर फांदीच्या वर बांधा, त्यावर वजन टाकून बघा, मगच लाइनमन सोडा. जमिनीवरून पाय सुटल्यापासून परत टेकेपर्यंत एक दोर कायम लावलेला. यात सूट नाही.

दुसरी, बारीक दोरीला 250 ते 350 ग्रॅमची वाळूची पिशवी बांधून ती फांदीवरून टाकायची, तिच्या मागून मुख्य दोर ओढायचा. इथे एक चूक फार होते. दोराचं दुसरं टोक खोडाच्या बुंध्याला बांधलं की फांदीवर तुमचं वजन जवळजवळ दुप्पट पडतं: तुम्ही 80 किलोनं खाली ओढता आणि बुंधाही तेवढ्यानंच ओढतो. फांदीला 150 किलोच्या आसपास सोसावे लागतात. दोराचा फास फांदीलाच आवळला तर भार एकपट राहतो, पण मग तो सोडवायला फासाला वेगळी दोरी बांधून ठेवावी लागते. दोन माणसांनी मिळून खालून त्या दोरावर वजन टाकून बघा, मग एकानं चढा.

बसल्यावर टेथर कपाळाच्या उंचीला आणि कायम ताणलेला. तो छातीच्या खाली गेला आणि तुम्ही उभे राहिलात की मधे ढील पडते. 60 सेंटिमीटरची ढील न ताणणाऱ्या दोरावर पडली तर झटका 10 किलोन्यूटनच्या वर जाऊ शकतो, आणि माणसाच्या अंगावर 6 किलोन्यूटनच्या वर झटका येऊ नये असं धरूनच सुरक्षेची साधनं बनवतात. दोर वाचेल, पाठ वाचणार नाही. टेथरच्या वर चढून फोटो काढायचा मोह होतो. तेव्हा आधी टेथर वर घ्या.

रात्रभर बसायचं तर पायाखाली काहीतरी हवंच, छोटा प्लॅटफॉर्म किंवा पट्ट्याचा रिकाब. हालचाल न करता लटकत राहिलं की पायात रक्त साचतं, चक्कर येते, आणि बेशुद्ध माणूस हार्नेसमध्ये तसाच टांगून राहिला तर ते जीवावर बेततं. दर अर्ध्या तासानं गुडघा खोडाला लावा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्या. खाली किंवा शेजारच्या झाडावर एक सोबती हवा, ज्याला तुम्हाला खाली आणता येतं. पाणी तीन लिटर, वेगळ्या बारीक दोरीनं वर ओढायचं, कमरेला टांगून चढायचं नाही. धातूच्या कड्या कापडी पट्टीनं गुंडाळा, रात्री त्यांचा टिणटिण आवाज पाणवठ्यापर्यंत जातो. मे महिन्यात संध्याकाळी वळवाचे ढग उठले आणि गडगडाट ऐकू आला की उतरा, पाऊस पडायची वाट बघू नका.

उतरताना आठाच्या आकड्याची पोलादी किंवा ॲल्युमिनियमची कडी वापरली तर तिच्याखाली दोरावर प्रुसिक ठेवा. ती इतकी आखूड हवी की कडीपर्यंत पोचूच नये, नाहीतर कडीला लागून सुटते. हळू उतरा, कडी तापते. दोराच्या खालच्या टोकाला गाठ.

निगा राखण्यात आपल्याकडे तीन शत्रू: काळ्या मातीची धूळ, औषधाची खोली आणि उंदीर. धुळीचे कण कवचातून आत जातात आणि गाभ्याचे तंतू आतून कापत राहतात, म्हणून दोर कधीच जमिनीवर टाकायचा नाही, गोणपाटावर ठेवा. नवा दोर वापरण्याआधी एकदा पाण्यात भिजवून सावलीत वाळवा, तो थोडा आखडतो आणि कवच गाभ्यावर घट्ट बसतं. पुढे मळला की कोमट पाणी, साधा साबण, सावली. कपाशीचा फवारणी पंप, ट्रॅक्टरची बॅटरी जिथे ठेवता त्या खोलीत दोर नको. बॅटरीच्या ॲसिडची वाफही नायलॉनला मारते, आणि दोर वरून अगदी चांगला दिसत राहतो. पत्र्याच्या छताखाली नको, गाडीच्या डिकीत तर नकोच. झाकणाच्या डब्यात, कोरडा, सैल गुंडाळून.

प्रत्येक वेळी दोर हातातून पूर्ण काढा, डोळे मिटून. चिमटीत घेऊन त्याचा छोटा फास करा. चांगल्या दोराचा फास गोल राहतो, गाभा मोडलेला असेल तिथे तो घडी पडल्यासारखा चपटा होतो. फुगलेला, मऊ पडलेला, कडक झालेला, चकाकणारा भाग, कवचातून पांढरा गाभा दिसणं, यातलं काहीही आढळलं की तो दोर गेला. वापर कमी असला तरी बनवल्याच्या तारखेपासून दहा वर्षं ही बहुतेक उत्पादकांची कमाल मर्यादा आहे. खरेदीची आणि पहिल्या वापराची तारीख टोकाला चिकटपट्टीवर लिहून ठेवा. बाद झालेल्या दोराचे लगेच हातहातभर तुकडे करा. अख्खा ठेवला तर घरातलं कोणीतरी तोच घेऊन विहिरीत उतरेल.